आकाशांतील कुरूप पांखरें

घार आकाशांत तरंगूं लागली कीं पाहणाराची दृष्टि तिच्यावर खिळून राहते. पंखांची हालचाल दिसत नाहीं, श्रमाची खूण दिसत नाहीं. वाऱ्यावर एखादें वर्तुळ सहज रेखावें तशी ती फिरत असते. मनुष्यानें विमान निर्माण करण्याचें मनांत आणलें तेव्हां हेंच चित्र त्याच्या डोळ्यांपुढें होतें. आणि म्हणूनच विमान म्हटलें म्हणजे तें निमुळतें, सडपातळ, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखें देखणें असावें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वैमानिकांमध्यें तर असें एक जुनें बोलणेंच आहे कीं, जें विमान दिसावयास चांगलें तें उडावयासहि चांगलें. ह्या बोलण्यांत तथ्य किती आणि भ्रम किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि त्यासाठीं देखण्या विमानांची नव्हे, तर ज्यांना पाहून लोक हंसले अशा बेढब विमानांची साक्ष काढावयाची आहे.

ही समजूत कोठून आली तें प्रथम पाहूं. उडत्या विमानावर चार शक्तींचें कार्य चालतें. पृथ्वी त्याला खालीं ओढते, तें त्याचें वजन. पंखांवरून वाहणारी हवा त्याला वर धरते, ती उचल. एंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा त्याला पुढें नेतो, तो रेटा. आणि हवा त्याला मागें ढकलते, तो विरोध. विमान एकाच उंचीवर व एकसारख्या वेगानें जात असतांना उचल वजनाइतकी व रेटा विरोधाइतका असतो. ह्या चौघांत विरोधाचा स्वभाव मोठा खडतर आहे. वेग दुप्पट केला तर विरोध दुप्पट होऊन थांबत नाहीं, तो सुमारें चौपट होतो. वेग तिप्पट केला तर नऊपट. म्हणून ज्याला वेगानें जावयाचें आहे त्यानें अंगावरची प्रत्येक गांठ, प्रत्येक कोपरा, प्रत्येक उघडी तार काढून टाकली पाहिजे. माशाचें शरीर असेंच घडलेलें आहे आणि घारीचेंहि. आणि मासे व पक्षी लहानपणापासून पाहत आल्यामुळें आपल्या डोळ्यांना तो आकार सुंदर वाटतो. तात्पर्य, विमानाचें सौंदर्य म्हणजे पुष्कळ अंशीं वेगाचें सौंदर्य होय. परंतु प्रत्येक विमानाचें काम वेगानें धांवणें हेंच असतें काय? शर्यतीचा घोडा देखणा खरा; पण त्याला मोटेला जुंपून कोणी विहिरीचें पाणी काढीत नाहीं.

आरंभींच्या काळांतील एक उदाहरण घेऊं. होरेशिओ फिलिप्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें इ. स. १८८४ सालीं वक्र पृष्ठाच्या पंखांचें पेटंट घेतलें. सपाट फळीपेक्षां वरून फुगीर अशी बांकदार पट्टी हवेंत अधिक उचल देते, हें त्यानें एका बंद नळींतून हवेचा झोत ओढून प्रयोगानें दाखविलें होतें. पुढें त्यानें अरुंद व लांब पंखांचा मार्ग धरला. तो विचार चुकीचा नव्हता. समुद्रावर दूरवर तरंगत जाणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्याचे पंख असेच लांब व अरुंद असतात, आणि त्यांना विरोध कमी होतो. पण एकच अरुंद पंख माणसाचें वजन उचलण्याइतका मोठा करावा, तर तो अतोनात लांब होऊन मोडावयाचा. तेव्हां फिलिप्सनें सुमारें १९ फूट लांब व अवघ्या दीड इंच रुंदीच्या ५० पट्ट्या एका उभ्या चौकटींत एकीवर एक बसविल्या. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना झिलमिल्या असतात. त्यांपैकीं एखादी मोठी झिलमिल काढून चाकांवर उभी करावी, तसें तें यंत्र दिसे. इ. स. १८९३ सालीं हॅरो येथें वर्तुळाकार मार्गावर, वाफेच्या एंजिनानें, आंत माणूस न बसवितां तें चालविण्यांत आलें, आणि त्याचीं चाकें खरोखरच जमिनीवरून उचललीं गेलीं. पुढें इ. स. १९०७ सालीं त्याच गृहस्थानें चार चौकटी एकीमागें एक लावून, सुमारें २०० पट्ट्यांचें यंत्र बनविलें व त्यांत बसून सुमारें ५०० फुटांची उडी घेतली.

उडी झाली, पण उड्डाण झालें नाहीं. ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. पंखाच्या खालच्या अंगास हवेचा दाब अधिक व वरच्या अंगास कमी असतो, आणि ह्या फरकानेंच पंख उचलला जातो. पट्ट्या एकमेकींच्या फार जवळ आणल्या म्हणजे वरच्या पट्टीच्या खालचा अधिक दाब खालच्या पट्टीच्या वरील कमी दाबांत मिसळतो व दोघींचेंहि बळ खच्ची होतें. शिवाय शेंकडों पट्ट्या, चौकटी व तारा यांचा विरोध निराळाच. एवढें मात्र विसरूं नये कीं, ज्या बांकदार पंखाची ओळख फिलिप्सनें जगाला पटविली तो बांक आज बहुतेक प्रत्येक विमानाच्या पंखाला असतो. झिलमिल गेली, पण बांक राहिला.

आतां एका तरंगत्या प्रासादाकडे वळूं. जिआन्नी काप्रोनी हा इटलींतील नामांकित विमानकार. इ. स. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत त्याच्या तीन एंजिनांच्या विमानांनीं कीर्ति मिळविली होती; म्हणजे तो कोणी रिकामटेकडा स्वप्नाळू नव्हता. युद्ध संपल्यावर शंभर उतारू घेऊन अटलांटिक महासागर ओलांडील असें विमान बांधण्याचा त्यानें संकल्प केला. त्यासाठीं त्यानें तीन पंख पुढें, तीन मध्यें व तीन मागें, असे एकंदर नऊ पंख योजले. खालीं खिडक्यांच्या ओळी असलेली लांबलचक होडी. वर प्रत्येकीं ४०० अश्वशक्तीचीं आठ एंजिनें. पंखांचा विस्तार ३० मीटर. आणि पूर्ण भरल्यावर वजन सुमारें २६ टन. राइट बंधूंनीं इ. स. १९०३ सालीं ज्या एंजिनावर पहिलें उड्डाण केलें तें सुमारें १२ अश्वशक्तीचें होतें. अठराच वर्षांत एका यंत्रावर ३,२०० अश्वशक्ति बसली! तीन गलबतें एकमेकांस बांधून त्यांचीं सारीं शिडें एकदम उभारावीं, असें त्याचें रूप होतें.

इ. स. १९२१ च्या मार्च महिन्यांत उत्तर इटलींतील माज्जोरे सरोवरावर ह्या विमानाची परीक्षा झाली. ता. ४ रोजीं तें पाण्यावरून उठलें, सुमारें ६० फूट वर गेलें, आणि नाक खालीं करून सरोवरांत कोसळलें. सेम्प्रीनी नांवाचा वैमानिक वांचला, ही ईश्वराची कृपा. उतारूंच्या ऐवजीं आंत ठेवलेला भार जागचा सरकला, असें ह्या अपघाताचें एक कारण सांगतात. तें खरें धरलें तर त्याचा अर्थ कावडीच्या दृष्टांतानें स्पष्ट होईल. कावडीचा दांडा खांद्यावर तोलून धरलेला असतो. एका घागरींतील पाणी दुसरींत ओतलें कीं दांडा लगेच कलतो. विमानाच्या बाबतींत उचल हा खांदा व वजन ह्या घागरी. सामान्य विमानाला लांब शेपटीच्या टोकास लहानसें आडवें पुच्छ असतें, तें ह्यासाठींच. अंतर जास्त असल्यामुळें तें थोड्या बळानें दांडा पुन्हां सरळ करतें. काप्रोनीच्या विमानाला असें पुच्छच नव्हतें. तोल सांभाळण्याचें काम पुढच्या व मागच्या पंखांवरच सोंपविलेलें होतें. अवाढव्य आकार हा त्याचा दोष नव्हे, इ. स. १९२९ सालीं जर्मनीच्या बारा एंजिनांच्या डोर्निअर विमानानें १६९ माणसें एका वेळीं आकाशांत नेऊन दाखविलीं. दोष तोलाचा होता.

इटलींतच दुसरें एक यंत्र इ. स. १९३२ सालीं आकाशांत गेलें. लुइजी स्तीपा नांवाच्या एंजिनियराची कल्पना अशी कीं, विमानाचें धड भरीव न करतां पोकळ नळीसारखें करावें, व तिच्या तोंडाशीं आंतल्या बाजूस एंजिन व पंखा बसवावा. बागेंत नळीनें पाणी घालतांना तिच्या तोंडावर आंगठा दाबला तर पाणी जोरानें उडतें, हें आपण पाहतों. अरुंद जागेंतून जातांना प्रवाहाचा वेग वाढतो. मोकळ्या हवेंत फिरणारा पंखा हवा चोहोंकडे फेंकतो. तीच नळींत कोंडून मागें सोडली तर अधिक रेटा मिळेल, असा स्तीपाचा तर्क होता. विमान तयार झालें तें एखाद्या दारूच्या पिंपाला पंख, चाकें व शेपूट लावल्यासारखें. त्याच्या पाठीवर दोन माणसें एकामागें एक बसत. १२० अश्वशक्तीच्या एंजिनावर तें उडालें, स्थिर राहिलें, व अगदीं मंद वेगानें हलकेंच उतरलेंहि. तर्क खरा ठरला. परंतु नळीनें जेवढा रेटा वाढविला जवळजवळ तेवढाच विरोध पिंपाच्या जाड देहानें वाढविला. जमाखर्च बरोबरींत सुटला, आणि सरकारनें तें काम पुढें नेलें नाहीं. तथापि आजच्या मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखांखालीं जीं जाड एंजिनें लटकत असतात त्यांच्या तोंडाशीं डोकावून पाहावें: तेथेंहि एक पंखा नळींत कोंडलेलाच असतो.

आणखी एक विमान तर असें आहे कीं, त्याचें चित्र प्रथम पाहणारास छापतांना कांहीं तरी चूक झाली असावी असेंच वाटतें. इ. स. १९३७ सालीं जर्मन सरकारला टेहळणीसाठीं एका एंजिनाचें विमान पाहिजे होतें, आणि त्यांतून चोहोंकडे स्वच्छ दिसावें अशी अट होती. एकच एंजिन म्हणजे तें नाकाशीं. आणि नाकाशीं एंजिन म्हणजे समोरचें दृश्य झांकलेलें. ह्या अडचणींतून ब्लोम व फॉस कारखान्याच्या रिखार्ड फोग्ट ह्यानें असा मार्ग काढला कीं, एंजिन व शेपूट एका लांब नळकांड्यावर बसवावें आणि माणसांची कांचेची खोली त्याच्या उजवीकडे पंखावर स्वतंत्र ठेवावी. एका बाजूस एंजिन, दुसऱ्या बाजूस खोली! पुढच्या नमुन्यांत तर मागचें आडवें पुच्छहि फक्त डावीकडेच ठेवलें, म्हणजे मागें बसणाऱ्या बंदूकवाल्याला उजवी बाजू मोकळी मिळे.

असलें एकांगी विमान कलंडत कसें नाहीं? ह्याचें उत्तर पंख्याच्या फिरण्यांत आहे. एंजिन पंख्याला एका दिशेनें फिरवितें, तेव्हां पंखा उलट एंजिनाला, व एंजिनाबरोबर साऱ्या विमानाला, दुसऱ्या दिशेनें कलंडवूं पाहतो. क्रिया तितकी प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम येथेंहि सुटत नाहीं. म्हणजे जें विमान दिसावयास दोन्ही बाजूंनीं सारखें असतें, तें उडतांना सारखें नसतेंच; आणि फोग्टनें एका बाजूच्या वजनाचा उपयोग दुसऱ्या बाजूच्या कलंडण्यास आवर घालण्याकडे केला. इ. स. १९३८ च्या फेब्रुवारींत ब्लोम व फॉस १४१ प्रथम उडालें आणि तें नीट उडालें. तरीहि एकंदर सुमारें वीसच विमानें तयार झालीं, कारण त्याच कामासाठीं दुसऱ्या कारखान्याचें दोन एंजिनांचें विमान पसंत झालें होतें. हें यंत्र पडलें तें उड्डाणाच्या परीक्षेंत नव्हे, निवडीच्या परीक्षेंत.

अमेरिकेंतील चार्लस झिमरमन ह्याचें विमान तर पंख आणि धड हा भेदच मानीत नव्हतें. त्याला तिकडील लोकांनीं जें नांव दिलें त्याचा अर्थ उडतें धिरडें असा होतो, आणि तें नांव यथार्थ होतें. तव्यावरील धिरड्यासारखा एकच गोल चपटा देह, त्याच्या दोन्ही कडांना पुढच्या बाजूस दोन प्रचंड पंखे, आणि जमिनीवर उभें असतांना पायांच्या उंच काठ्यांवर नाक आकाशाकडे केलेलें. आखूड पंखांत एक मोठा दोष असतो. खालची दाबलेली हवा पंखाच्या टोकावरून वळसा घेऊन वर येते, तेथें भोंवरा उठतो, आणि उचल वाया जाते. झिमरमननें टोकांशींच पंखे बसवून ते भोंवऱ्याच्या उलट दिशेनें फिरविले, म्हणजे एकानें दुसऱ्याला मारावें. लांकूड व कापड यांचें हें यंत्र प्रत्येकीं ८० अश्वशक्तीच्या दोनच एंजिनांवर इ. स. १९४२ च्या नोव्हेंबरांत उडालें, आणि अगदीं थोड्या जागेंत उठणें व बसणें त्याला साधूं लागलें. मग अमेरिकेच्या आरमारानें त्याच नमुन्याचें धातूचें लढाऊ विमान बांधविलें. पण तें तयार होऊन उडण्यापूर्वींच जेट एंजिनांचें युग आलें, व इ. स. १९४७ सालीं तें काम बंद करण्यांत आलें. गंमत अशी कीं, तें मोडून टाकावयाची वेळ आली तेव्हां तें इतकें मजबूत निघालें कीं, इमारती पाडण्याचा लोखंडी गोळा आणावा लागला. धिरडें म्हणून हंसलेली वस्तु आपल्या बळकटीची साक्ष मोडतांना देऊन गेली.

येथपर्यंत जीं विमानें पाहिलीं त्यांपैकीं एकहि जगाच्या नित्य उपयोगाला आलें नाहीं. तेव्हां कोणी म्हणेल, जुनें बोलणेंच खरें. कुरूप तें निकामी. परंतु आतां जी साक्ष यावयाची आहे ती ह्या निकालाला उलटविणारी आहे.

रेजिनाल्ड मिचेल हा इंग्लंडांतील सुपरमरीन कंपनीचा मुख्य विमानकार. त्याचें स्पिटफायर हें विमान इ. स. १९३६ च्या मार्चमध्यें प्रथम उडालें. आजवर झालेल्या अतिशय सुंदर विमानांत त्याची गणना होते, आणि इ. स. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशाचें रक्षण करण्यांत त्याचा मोठा वांटा होता. परंतु ह्याच मिचेलच्या हातून त्यापूर्वीं तीन वर्षें दुसरें एक विमान उतरलें होतें. त्याचें नांव पुढें वॉलरस, म्हणजे सोंडवजा मिशांचा व लांब सुळ्यांचा तो स्थूल समुद्रप्राणी, असें ठेवण्यांत आलें. खालीं होडीसारखें बोजड धड. वर दोन मजली पंख. त्यांच्यामध्यें दांड्यांवर टांगलेलें, आणि तेंहि मागें तोंड केलेलें एंजिन. चोहोंकडे तारा व टेकू. स्पिटफायरचा वेग ताशीं ३५० मैलांच्या घरांत, तर ह्याचा जेमतेम १३५. दोन्ही विमानें एकाच डोक्यांतून निघालीं, हें सांगितल्यावांचून कोणाला पटूं नये.

परंतु ह्या कुरूपतेचा एकेक अवयव घेऊन त्याला प्रश्न विचारा. धड होडीसारखें कां? कारण ह्याला समुद्रावर उतरावयाचें होतें. एंजिन इतकें उंच व मागें तोंड केलेलें कां? कारण लाटांचे तुषार पंख्यावर येऊन तो मोडूं नये. पंख दोन मजली व टेकूंनीं जखडलेले कां? कारण युद्धनौकेच्या पाठीवरील यंत्रानें ह्याला गोफणींतील धोंड्यासारखें आकाशांत फेंकावयाचें होतें, आणि तो हिसका सोसण्याचें बळ पाहिजे होतें. वेग कां कमी? कारण ज्याला लाटांवर नजर ठेवून कांहीं शोधावयाचें आहे त्याला वेग हा शत्रु होय. मिचेलला सुंदर रेषा काढतां येत नव्हत्या असें कोण म्हणेल? त्यानें कामाला पाहिजे ती रेषा काढली. आणि बळकटी तरी किती! पहिल्या उड्डाणानंतर थोड्याच दिवसांनीं कसोटी पाहणाऱ्या वैमानिकानें ह्या बोजड यंत्राला आकाशांत चक्क कोलांटी मारावयास लाविली.

ह्या दोन भावंडांची खरी भेट झाली ती दुसऱ्या महायुद्धांत. लढाईंत जायबंदी झालेल्या विमानांतून छत्रीनें उडी टाकलेले वैमानिक इंग्लंडच्या सभोंवतींच्या समुद्रांत पडत. तेथील पाणी इतकें थंड कीं, हिवाळ्यांत त्यांत फार वेळ राहिलेला माणूस बुडण्यापूर्वींच गारठून मरावयाचा. अशा वेळीं देखण्या स्पिटफायरला वर घिरट्या घालण्यापलीकडे कांहीं करतां येत नसे. त्याला पाण्यावर उतरतांच येत नव्हतें. मग क्षितिजावर घरघर करीत वॉलरस येई, लाटांवर धपकन् बसे, आणि त्यांतील माणसें भिजलेल्या, अर्धमेल्या सोबत्याला ओढून आंत घेत. कधीं समुद्र खवळलेला असे किंवा भार जास्त होई, आणि पुन्हां वर उठतां येत नसे. तेव्हां तें विमान होडी होऊन पाण्यावरूनच घराकडे चालूं लागे. शत्रूच्या किनाऱ्याजवळहि हें काम करण्यांत आलें. समुद्रांतून माणसें वांचविणाऱ्या पथकांनीं अशा रीतीनें शेंकडों वैमानिकांना जीवदान दिलें, आणि त्यांत वॉलरसचा हात मोठा होता. थंड पाण्यांत मान वर करून वाट पाहणाऱ्या त्या तरुणाला आकाशांत दिसणारें सर्वांत सुंदर विमान कोणतें वाटलें असेल, हें सांगावयास नको. मिचेल स्वतः हें पाहावयास राहिला नाहीं, इ. स. १९३७ सालीं, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षीं, कर्करोगानें त्याचा अंत झाला.

शेवटचें उदाहरण चंद्राच्या वाटेवरील आहे. अमेरिकेनें मनुष्याला चंद्रावर पाठविण्याचें मनांत घेतलें तेव्हां एक घरगुती अडचण उभी राहिली. अग्निबाणाचे कांहीं भाग कॅलिफोर्नियांत तयार होत व उड्डाण फ्लोरिडांत व्हावयाचें. ते इतके रुंद कीं, आगगाडीनें नेतां येईनात. आणि पनामा कालव्यांतून गलबतानें न्यावेत तर आठवडेच्या आठवडे जात. जॅक कॉनरॉय नांवाच्या वैमानिकानें जुनीं बोइंग प्रवासी विमानें घेऊन त्यांच्या पाठीवर घुमटासारखी प्रचंड फुगीर खोली चढविली. पहिलें असें विमान इ. स. १९६२ च्या सप्टेंबरांत उडालें. त्याचा आकार पाहून त्याला गप्पी माशाचें नांव मिळालें. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आपल्याकडे विहिरींत व टांक्यांत जे मासे सोडतात तेच हे. त्यांची पोटुशी मादी ज्यानें पाहिली असेल त्याला ह्या विमानाचें निराळें वर्णन नको. असला घुमट घेऊन हें उठेल कसें, अशी शंका पुष्कळांना होती. पण त्याच्या मागून आलेल्या, २५ फूट व्यासाची खोली असलेल्या मोठ्या गप्पीनें शनि अग्निबाणाचे भाग देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकाला वाहून नेले, आणि इ. स. १९६९ च्या जुलैमध्यें मनुष्याचें पाऊल चंद्रावर पडलें.

त्या पावलासाठीं जें यान चंद्रावर उतरलें तें तर सर्वांवर ताण करणारें होतें. चार वांकड्या तंगड्या, कोपरेच कोपरे, अंगावर चुरगळलेला सोनेरी वर्ख. इ. स. १९६९ च्या मार्चमध्यें माणसांसह त्याची प्रथम परीक्षा घेतांना अंतराळवीरांनीं त्याला कोळी हें नांव दिलें होतें. पण आरंभीं सांगितलेला विरोधाचा नियम येथें आठवावा. चंद्रावर हवा नाहीं. हवा नाहीं तेथें विरोध नाहीं. आणि विरोध नाहीं तेथें निमुळतें अंग कशासाठीं? कारागिरांनीं रूपाचा विचार सोडून प्रत्येक तोळा वजन वांचविलें. पुढें इ. स. १९७० च्या एप्रिलमध्यें अपोलो १३ च्या प्रवासांत प्राणवायूची टांकी फुटली व मुख्य यान निरुपयोगी होऊं लागलें. तेव्हां दोन माणसांना थोडा काळ पुरेल एवढ्याच बेताच्या ह्या कोळ्यानें तिघांना जवळजवळ चार दिवस आपल्या पोटांत सांभाळलें, आणि ते तिघेहि पृथ्वीवर सुखरूप परत आले.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या साऱ्या साक्षींवरून काय निष्पन्न होतें? कुरूपता हा गुण आहे असें नव्हे. नाहीं तर काप्रोनीचे नऊ पंख सरोवरांत बुडाले नसते. सौंदर्य हा दोष आहे असेंहि नव्हे. स्पिटफायर सुंदर होतें आणि शूरहि होतें. निष्पन्न होतें तें इतकेंच कीं, रूप ही साक्षच नव्हे. प्रत्येक आकार हें कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतें. तो प्रश्न कोणता, हें समजून घेतल्यावांचून उत्तराला हंसणें म्हणजे गणित न वाचतां उत्तर चूक ठरविणें होय. प्रश्न समजल्यावर मग उत्तर तपासावें, आणि तेंहि डोळ्यांनीं नव्हे, प्रयोगानें. फिलिप्स, काप्रोनी, स्तीपा, फोग्ट, झिमरमन ह्यांनीं तें धैर्य दाखविलें. लोकांच्या हंसण्याला न भितां आपला तर्क आकाशाच्या परीक्षेस बसविला, आणि निकाल लागला तो मुकाट्यानें घेतला. त्यांच्या अपयशांतूनहि पुढच्यांना वाट दिसली.

इशायाच्या घरीं राजा निवडावयास गेलेल्या शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. थोरल्या मुलाची उंची व चेहरा पाहून त्याच्यासारख्या वृद्ध पुरुषालाहि मोह पडला. आणि ज्याची निवड व्हावयाची होती तो धाकटा त्या वेळीं घरांतहि नव्हता, रानांत मेंढरें राखीत होता. यंत्रांविषयीं जो धडा आपण शिकलों तो माणसांविषयीं तर अधिकच खरा आहे. वर्गांत एखादा मुलगा बोलतांना अडखळतो, एखाद्याचा सदरा ठिगळांचा असतो, एखादा खेळांत मागें पडतो. त्याला हंसणें सोपें असतें. पण त्याची घडण कोणत्या कामासाठीं झाली आहे हें अजून आपल्याला कळलेलें नसतें. कदाचित् एखाद्या थंड समुद्रांत मान वर करून आपण वाट पाहत असूं, आणि क्षितिजावर जो दिसेल तो तोच असेल.